सगळ्यात हळू चालणारा पुढं

पहाटे साडेचारला गल्लीत शिट्टी वाजायची. एक लांब, दोन आखूड. फेब्रुवारीचा पहिला रविवार म्हणजे मंडळाची गडवारी, आणि शिट्टी सुभेदारमामांची. घराघरांत दिवे लागायचे, बायकांचे डबे बांधून झालेले असायचे, आणि कानटोपी घालून आम्ही पोरं मारुतीच्या देवळापुढं रांगेत उभी राहायचो. बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांच्या आसपास, त्यामुळं त्या वेळी तोंडातून वाफ निघायची.

माझी पहिली वारी १९८८ सालची. मी तिसरीत होते. आजी नऊवारीचा काष्टा घट्ट करून, चपला पिशवीत टाकून अनवाणी निघाली होती. वडगाव मागं पडलं की दोन्ही बाजूंना शेतं लागतात. हे सगळं बासमतीचं शिवार. भाताची कापणी होऊन गेलेली आणि त्याच ओलीवर मसूर, वाटाणा उभा. दंवानं भिजलेल्या वाटाण्याचा तो वास मला आजही कुठं आला तर पाय आपोआप येळ्ळूरच्या दिशेला वळतील असं वाटतं. येळ्ळूर गावात शिरेपर्यंत उजाडायचं. दारात सडा घालणाऱ्या बायका विचारायच्या, "गडावर काय वो? सावकाश जावा." आणि घरांच्या वर, आकाशाला टेकलेला राजहंसगडाचा बुरूज दिसायचा. आम्ही त्याला येळ्ळूरगडच म्हणतो.

वारीची तारीख मामांनीच ठरवलेली. मामा मराठा लाईट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून पेन्शनीवर आलेले. ४ फेब्रुवारी १६७० ला तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला, तो दिवस ही पलटण 'मराठा दिन' म्हणून पाळते. "आपण कॅम्पात जाऊन परेड करू शकत नाही, पण त्या आठवड्यात एक गड चढू शकतो की," असं ते मंडळाच्या बैठकीत म्हणाले आणि वारी सुरू झाली, असं बाबा सांगायचे.

बेळगावात वाढलेल्या माणसाला फौज वेगळी शिकवावी लागत नाही. मराठा सेंटर इथंच. १७६८ साली उभ्या राहिलेल्या या पलटणीचे रंगरूट इथं घडतात, इथंच कसम परेड होते. कमांडो कोर्सला देशभरातून अधिकारी आणि जवान येतात आणि भोवतालच्या रानांत, टेकड्यांवर त्यांचा घाम जिरतो. वाऱ्याची दिशा असली की पहाटेचं बिगुल आमच्या गच्चीवर ऐकू यायचं. आजी त्यावर चहा ठेवायची.

वारीला नियम एकच होता, आणि तो मामांनी दरवर्षी देवळापुढं मोठ्यानं सांगायचा: जो सगळ्यात हळू चालतो तो सगळ्यात पुढं. पहिल्या वर्षी ती जागा आजीची होती. तिच्या मागं मी, मग बायका, लेकुरवाळी माणसं, आणि सगळ्यात शेवटी तालमीतली जाड मांड्यांची पोरं. त्यांना हे फार जड जायचं. एकदा दोघं वैतागून रांग सोडून पळत वर गेले. मामा त्यांना ओरडले नाहीत. वर पोचल्यावर जवळ बसवून म्हणाले, "पळत कोण बी वर जातंय रे. सगळ्यास्नी घेऊन वर यायचं, ते शिकायला वेळ लागतोय."

मग त्यांनी आपल्याच पलटणीच्या नामदेव जाधवांची गोष्ट सांगितली. दरवर्षी सांगायचे, आणि दरवर्षी आम्ही पुढं सरकून ऐकायचो. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. कंपनीनं नदी ओलांडली आणि पलीकडच्या बांधावरून मशीनगनचा मारा सुरू झाला. कंपनी कमांडर आणि आणखी एक जवान घायाळ. शिपाई नामदेव जाधवांनी पाण्यातून, सुरुंग पेरलेल्या जमिनीतून, एकेकाला उचलून दोघांनाही सुरक्षित पोचवलं. दोन खेपा. त्यानंतर एकट्यानं परत जाऊन तीन मशीनगन गप्प केल्या. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना, तेव्हा हातबाँब फेकले. शेवटी बांधाच्या माथ्यावर उभं राहून मराठ्यांची गर्जना केली आणि उरलेल्या कंपन्यांना हात करून नदीपलीकडं बोलावून घेतलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तेव्हाचा शौर्याचा सगळ्यात मोठा मान. त्याआधी जुलै १९४४ मध्ये तिथंच इटलीत, टायबरच्या खोऱ्यात, नाईक यशवंत घाडगे यांनी एकट्यानं ठाणं घेतलं आणि प्राण दिले. त्यांनाही तोच मान. पण मामांचा जीव नामदेवांच्या त्या दोन खेपांत अडकलेला असायचा. "मशीनगन नंतर बघितली त्यानं," ते म्हणायचे, "पयलं माणसं आणली."

गोष्ट संपली की सगळे बुरुजावर उभे राहायचे. मामा शिट्टी वाजवायचे आणि लहानथोर एका सुरात ओरडायचे, "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय!" तीच पलटणीची गर्जना. गडावर तेव्हा महाराजांचा पुतळा नव्हता. तो २०२३ सालचा. डांबरी रस्ताही नव्हता. वाऱ्यात आवाज येळ्ळूरच्या कौलांवरून बेळगावकडं जातो असं मला वाटायचं.

त्यानंतर सिद्धेश्वराच्या देवळापाशी पंगत. ज्वारीच्या भाकऱ्या, झुणका, शेंगाची चटणी, मिरचीचा खर्डा, कुणाच्या तरी डब्यात कुंदा. जेवणाबद्दल मी पानभर लिहू शकेन, पण त्या भाकरीला चव गडाची होती.

एका वर्षी माझी भाची अमेरिकेहून आलेली. ती जॉर्जियात राहते. तिच्या घरापासून दीड-दोन तासांवर टोकोआ नावाचं गाव आहे आणि तिथं करेही नावाचा डोंगर. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, त्याच्या पायथ्याच्या छावणीत ५०६ व्या पॅराशूट रेजिमेंटचे जवान घडले. तीन मैल वर, तीन मैल खाली, अशी त्यांची धाव. डोंगराचं नाव चेरोकी भाषेतलं. अर्थ एकटा उभा राहणारा. त्या जवानांनी तेच नाव आपली गर्जना केली. भाची नवऱ्याला आणि मुलाला घेऊन तो डोंगर चढून आलेली. ती सांगत होती आणि येळ्ळूरगडही तसाच, माळावर एकटा, हे आमच्या सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं.

मामांनी भाकरी खाली ठेवली. "मागं राहिलेल्याचं काय करत होते गं?"

"त्यांना काढून टाकायचे, मामाआजोबा."

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "भरतीत तसंच असतंय. काढावंच लागतंय. पण एकदा का पलटणीत घेतला, की मग न्हाई सोडायचा." भाचीच्या मुलानं ते मराठी वाक्य तिच्याकडून दोनदा समजून घेतलं. उतरताना तो माझ्या आईचा हात धरून, तिच्या पावलानं चालत होता.

करोनाची दोन वर्षं वारी झाली नाही. पुन्हा सुरू झाली तेव्हा मामांचे गुडघे गेलेले. आता वरपर्यंत गाडी जाते, गाडीतून या, असं सगळ्यांनी विनवलं. ते पहाटे काठी घेऊन देवळापुढं हजर. शिट्टी त्यांनी आधीच माझ्या लेकीच्या गळ्यात घातली होती. सवयीनं ते रांगेच्या मागं जायला लागले, तालमीतल्या पोरांपाशी. लेक पुढं गेली, त्यांचा दंड धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मामाआजोबा, जागा तिकडं न्हाई. पुढं."

ते काही बोलले नाहीत. पुढं जाऊन उभे राहिले, टोपी नीट केली आणि पाऊल टाकलं. गावाच्या पुढच्या चढावर जवानांची एक तुकडी पाठीवर पिठ्ठू घेऊन आमच्या बाजूनं धावत गेली. त्यांच्या उस्तादानं मामांकडं पाहिलं, मागच्या दीडशे माणसांच्या रांगेकडं पाहिलं, आणि धावता धावता सलाम केला. मामांनी काठी डाव्या हातात घेतली आणि सलाम घेतला.

त्या दिवशी बुरुजावर पोचायला साडेदहा झाले. झुणका पार गार झाला होता.