रेड की ग्रीन? चिमायोची मिरची आणि बीफ एन्चिलाडा

ऑक्टोबरमध्ये चार दिवसांची सुट्टी जुळून आली आणि आम्ही डेन्व्हरहून गाडी काढली ती थेट न्यू मेक्सिकोकडे. आय-२५ हायवेने दक्षिणेला जात राहायचं, रटोनचा घाट ओलांडला की राज्य बदलतं आणि मग तासन्तास नुसतं पिवळं गवत, मोकळं आभाळ आणि लांबवर डोंगर. सांता फेला पोचेपर्यंत दुपार कलली होती. हे शहर साधारण ७००० फुटांवर आहे, घरं मातीच्या रंगाची, कोपरे गोलसर लिंपलेले, आणि जिकडे बघावं तिकडे दाराशी सुक्या लाल मिरच्यांची भलीमोठी माळ टांगलेली. तिला रिस्त्रा म्हणतात. आमच्या वसईला मे महिन्यात अंगणात मिरच्या वाळत पडलेल्या असतात, तो लाल रंग आणि नाकाला झोंबणारा तो वास मी इतक्या वर्षांनी असा रस्त्यात अनुभवला आणि एकदम भरून आलं.

रात्री जेवायला गेलो तर ऑर्डर दिल्या दिल्या प्रश्न आला, "रेड ऑर ग्रीन?" हा म्हणे त्या राज्याचा अधिकृत प्रश्न आहे, जसा राज्याचा पक्षी असतो, फूल असतं तसा! दोन्ही हवी असेल तर "ख्रिसमस" म्हणायचं. मिरची एकच, हिरवी असताना तोडून भाजली की ग्रीन, झाडावर पिकून लाल होऊ दिली आणि वाळवली की रेड. मी ख्रिसमस सांगितलं, पण मनात राहिली ती रेडच. आधी गोडसर लागते, मग जरा मातकट, आणि घास गिळून झाल्यावर मागून सावकाश तिखट वर येतं.

दुसऱ्या दिवशी चिमायोला गेलो, सांता फेपासून पाऊण तास. तिथलं सांतुआरिओ म्हणजे १८१६ मध्ये बांधून झालेलं मातीचं छोटंसं चर्च, आत एका खोलीत जमिनीत खड्डा आहे, त्यातली माती लोक श्रद्धेने अंगाला लावतात, घरी नेतात. पवित्र आठवड्यात हजारो माणसं चालत येतात. बऱ्या झालेल्या लोकांनी सोडून दिलेल्या कुबड्या भिंतीला लावून ठेवलेल्या दिसल्या आणि मला बांद्र्याच्या मोतमाउलीला वाहतात ते मेणाचे हात-पाय आठवले. तिथे बराच वेळ बसले मी.

आम्ही उतरलो होतो ती खोली एका सत्तरीच्या बाईंच्या घरामागे होती. त्यांचं घराणं पिढ्यान्पिढ्या तिथलंच. मी मिरचीबद्दल इतकं विचारत राहिले की संध्याकाळी त्याच म्हणाल्या, "मिहा, उद्या सकाळी किचनमध्ये ये, करूनच दाखवते." मिहा म्हणजे माझी पोर.

सकाळी पहिलं काम बीफचं. खांद्याचं मांस, दीडेक किलोचा एकच तुकडा, मीठ लावून सगळ्या बाजूंनी नीट लाल केला आणि मग कांदा, लसूण, तमालपत्र आणि पाणी घालून मंद आचेवर झाकून ठेवून दिला. एवढ्या उंचीवर पाणी कमी तापमानालाच उकळतं, त्यामुळे मांस शिजायला जास्तच वेळ लागतो, आमचं साडेतीन तासांनी काट्याने सहज सुटायला लागलं.

तोवर सॉस. बाईंनी रिस्त्रामधून वीसेक मिरच्या तोडल्या. चिमायोची मिरची गावठी वाणाची, छोटी, वाकडीतिकडी, साल पातळ. त्याच राज्यात दक्षिणेला हॅचकडे पिकते ती मोठी, सरळ, मांसल. तिकडच्या लांब मिरच्यांचा जुना वाण म्हणजे फाबियान गार्सिया यांनी लास क्रूसेसच्या कॉलेजात तयार करून १९१३ मध्ये आणलेला न्यू मेक्सिको नंबर नाइन. बाई ते मान्य करतात, पण रेडसाठी त्यांना आपल्या गावचीच लागते.

देठ काढले, बिया झटकल्या, मिरच्या धुतल्या, पुसल्या आणि कोमालवर टाकल्या, कोमाल म्हणजे आपला बिडाचा तवाच. पहिला घाणा माझ्या हातून जास्त भाजला गेला, कडेला काळे डाग पडले. बाईंनी एक मिरची उचलून हुंगली आणि सगळ्या फेकून दिल्या, म्हणाल्या जळकी मिरची सॉसला कडू करते आणि तो कडूपणा नंतर कशानेही जात नाही. दुसऱ्या वेळी त्या बाजूला उभ्या राहिल्या. साल जरा मऊ होऊन फुगते, रंग विटेसारखा होतो आणि मनुका भाजल्यासारखा गोड वास येतो, त्या क्षणी उचलायची, म्हणजे अर्धा मिनिट सुद्धा नाही लागत.

मग गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवून ठेवल्या. ते पाणी आधी चाखून बघायचं, कडवट लागलं तर ओतून द्यायचं आणि ताजं पाणी घ्यायचं. मिक्सरमध्ये मिरच्या, तीन लसूण पाकळ्या, मीठ, चिमूटभर ओरेगानो, बस्स. मी विचारलं, जिरं? बाईंनी मान हलवली, "ते टेक्सासवाले घालतात." टोमॅटो? तोही नाही. आमच्या बाटली मसाल्यात वीस-पंचवीस जिन्नस असतात, आईला फोनवर सांगितलं तर ती दोनदा म्हणाली, "नुसती मिरची? धणे पण नाहीत?" पण त्या सॉसमध्ये लपवण्यासारखं काही नसतं म्हणूनच मिरची चांगली लागते, आणि भाजणं इतकं सांभाळावं लागतं. एन्चिलाडा शब्दाचा अर्थच मुळी मिरची लावलेली असा आहे.

वाटण चाळणीतून गाळलं, सालं मागे राहिली. कढईत दोन चमचे डुकराची चरबी, त्यात दोन चमचे मैदा खमंग वास येईपर्यंत परतला आणि वाटण ओतलं. पंधरा-वीस मिनिटं मंद उकळू दिलं. आधी भगवट दिसणारा रंग हळूहळू गडद होत गेला, चमच्याच्या पाठीवर बोट फिरवलं की रेघ तशीच राहायला लागली, तेव्हा गॅस बंद.

टॉर्टिया, म्हणजे तिकडच्या पातळ पोळ्या, निळ्या मक्याच्या होत्या. प्रत्येक टॉर्टिया गरम तेलात सेकंद-दोन सेकंद बुडवून काढायची, तळायची नाही, नाहीतर सॉसमध्ये तिचा लगदा होतो. मग सॉसमध्ये बुडवायची आणि ताटलीत सपाट ठेवायची. त्यावर तंतू तंतू केलेलं बीफ, बारीक कांदा, चीज, परत टॉर्टिया, परत तेच, असा तीन मजली ढीग. तिकडे गुंडाळी करतातच असं नाही. शेवटी वर सॉसचा डाव, गरम ओव्हनमध्ये चीज वितळेपर्यंत, आणि सगळ्यात वर एक तळलेलं अंडं. बलक फुटून लाल सॉसमध्ये मिसळतो ना, तो घास मी विसरणार नाही.

जेवताना मी त्यांना सांगितलं की आमच्या वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीज होते आणि आपल्याकडे मिरची त्यांनीच आणली. त्या म्हणाल्या, आमच्याकडे स्पॅनिश आले १५९८ ला. मग थोडा वेळ दोघी गप्प जेवत होतो. नवरा तिसऱ्यांदा वाढून घेत होता.

निघताना त्यांनी अर्धी रिस्त्रा कागदी पिशवीत भरून दिली, पैसे घेतले नाहीत. डेन्व्हरला एकदा करून झालं, भाजणं जमलं. परवा मोजल्या तर पिशवीत अजून चाळीस मिरच्या आहेत. त्या नाताळासाठी ठेवल्यात, यंदा टेबलावर इंद्यालच्या, म्हणजे आमच्याकडच्या डुकराच्या मसालेदार रश्शाच्या, शेजारी त्याच लाल सॉसचं बीफ असणार.