मुखवटा उलटा करून बघा

नैरोबीत शनिवारी हायकोर्टाच्या पार्किंगमध्ये मसाई मार्केट भरतं. अंथरलेल्या चादरींवर मण्यांच्या माळा, शंखजिऱ्याचे पाणघोडे आणि रांगेत मांडलेले लाकडी मुखवटे. एका लांब नाकाच्या काळ्या मुखवट्यासमोर मी उकिडवा बसलो आणि विक्रेत्याने ओळखलं, गिऱ्हाईक आलं.

"मसाई आहे, राफिकी, म्हणजे दोस्ता. 100 वर्षं जुना. अस्सल एबनी. 8000 शिलिंग."

मसाई लोकांत मुखवट्यांची परंपराच नाही, हे मला ठाऊक होतं. तरी आशा सुटत नाही. फ्रान्समधल्या एका म्हाताऱ्या जोडप्याने गॅबॉनच्या फांग जमातीचा मुखवटा जुनं सामान घेणाऱ्याला 150 युरोंना दिला, आणि 2022 मध्ये मोंपेलियेच्या लिलावात त्याचे 42 लाख युरो आले!

मी मुखवटा उचलला. इथली एबनी म्हणजे म्पिंगो, आपल्या शिसवीचं भावंड, पाण्यात बुडेल इतकं जड. आजोळी शिसवी पाट उचलून मांडलेत मी. हा तर एका हातात झुलत होता. ओला अंगठा कडेला घासला, तर अंगठा काळा. वास थेट रविवार संध्याकाळचा, शाळेच्या बुटांचा.

खरी गंमत मागच्या बाजूला. नाचात वापरलेला मुखवटा कपाळ आणि गाल टेकतात तिथे घामाने, घासून तुळतुळीत होतो. कडेने दोरी ओवायची भोकं असतात. इथे पटाशीचे घाव कोरे, पांढुरके. भोक एकच, वर, भिंतीवरच्या खिळ्यासाठी. मी तोंडाला लावून बघितला. नाक मावेना, डोळ्यांपुढे अंधार. शेजारची मणीवाली खो खो हसली.

मग तोही हसला. "काकाने केलाय. वामुन्यूत, गेल्या महिन्यात. जॅकरांडाचं लाकूड आहे."

वामुन्यू हे कांबा जमातीच्या कारागिरांचं गाव. पहिल्या महायुद्धात तिथला मुतिस्या मुंगे आजच्या टांझानियात गेला, तिथल्या कोरक्यांकडून ही कला शिकून आला आणि पुढे गावचं गाव कोरायला लागलं. मला ही गोष्ट त्या 100 वर्षांच्या थापेपेक्षा कितीतरी आवडली. हात तर सुरेख होताच काकाचा. भुवईची रेघ एका दमात ओढलेली.

1200 ला सौदा पटला. मागे काकाचं नाव लिहून दे म्हटलं, तर माझंच पेन घेऊन त्याने ठसठशीत लिहिलं.

पेन मात्र परत मिळालं नाही.