हॅवलॉकचा पेशंट, तासगावची ओपीडी

मे महिन्यातली दुपार. तासगावच्या माझ्या दवाखान्यात शेवटचे दोन पेशंट उरले होते, तेवढ्यात आण्णांचा फोन आला. आण्णा द्राक्षबागायतदार. खरड छाटणी उरकून मुलगा-सुनेला घेऊन अंदमानला गेलेले.

"डॉक्टर, आधी शार्क दिसला, मग पोराला मासा चावला बघा."

शार्क म्हटल्यावर माझं पेन थांबलं. पण शार्कने काहीच केलं नव्हतं. हॅवलॉकला स्नॉर्कलिंग करताना पाच फुटी शार्क खालून गेला, पोरगा दचकून मागे सरकला आणि आधाराला म्हणून प्रवाळाच्या कपारीवर हात टेकला. कपारीत बसलेल्या माशाचा काटा बोटात घुसला. चावला नव्हता, टोचला होता. ठणका खांद्यापर्यंत चढलेला, पोरगा मागे ओरडत होता.

"बर्फ लावलाय."

"असू दे," मी म्हणालो. इथे चुकलो. उसाच्या फडातून येणारे सर्पदंश आणि गांधीलमाश्या, पंधरा वर्षं हेच बघतोय. तोंडात उत्तर तयारच असतं. कुणीतरी दंडाला रुमाल आवळत होतं, तो मात्र सोडायला लावला, ते बरं झालं.

मग फोटो आला. तांबूस-पांढरे पट्टे, पिसाऱ्यासारखे फुललेले पर. लायनफिश. पाठीवरच्या काट्यांना खाचा असतात, विष तिथे. हा मासा अंगावर येऊन टोचत नाही, आपण हात लावला तरच.

आणि मला देवगड आठवलं. बंधपत्राची नोकरी तिथे केली. एका खलाश्याच्या हातात शिंगाळा माशाचा काटा गेला होता. मी इंजेक्शन भरेपर्यंत त्याच्या आईने चुलीवरचं गरम पाणी टोपात ओतून त्याचा हात त्यात बुडवला. "डाक्टरानू, वायच थांबा." अर्ध्या तासाने गडी चहा पीत होता. (त्याच गावात घरमालकिणीने "मोरी खातलास?" विचारलं, तेव्हा मी घाटावरचा माणूस न्हाणीघराकडे बघत राहिलो होतो. मोरी म्हणजे शार्क, हे ताट समोर आल्यावर कळलं.)

उलट फोन लावला. "आण्णा, माझं चुकलं. बर्फ काढा. चहाच्या टपरीवरून गरम पाणी घ्या."

"भाजंल की ओ!"

"उकळतं नाही. ४० ते ४५ अंश. ४५ च्या वर नाही."

"म्हणजे आयर्विन पुलासारखं. ४५ ला धोका."

एवढ्या गडबडीत माणसाला सांगलीच्या पुलापाशी फुटांत मोजतात ती कृष्णेच्या पुराची पातळी सुचली! पण हिशोब पक्का बसला. थर्मामीटर नव्हता, म्हणून आधी पोराचा दुसरा हात पाण्यात घालायला सांगितला. ठणकणाऱ्या हाताला चटका कळत नाही आणि कातडं सोलून निघतं. तो चांगला हात सहन करेल तेवढंच गरम. निवलं की पाणी बदलायचं, तासभर. हे विष प्रथिनांचं असतं, उष्णतेने बरंचसं निकामी होतं. श्वास, चक्कर, छाती विचारत राहिलो. सगळं ठीक.

"सापाची लस द्यायला सांगू का तिथं?"

"नको. ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, या चौघांचीच. दवाखान्यात जाऊन काट्याचा तुकडा राहिलाय का बघा आणि धनुर्वाताचं घ्या."

पाऊण तासाने फोन सुनेने उचलला. मागून ओरडणं नव्हतं. "झोपलेत," म्हणाली.

रात्री व्हिडिओ आला. काळ्या टोकांचे पर असलेला शार्क अगदी सावकाश जातो, कॅमेऱ्याकडे बघतही नाही. मी तो तीनदा लावला, तेव्हा कुठे कोपऱ्यातल्या कपारीत पट्टे दिसले. मासा जागचा हललेला नव्हता.

जूनमध्ये आण्णा दोन किलो बेदाणे घेऊन आले. पोराच्या बोटाचं टोक अजून थोडं बधिर होतं. ते तपासून घ्यायला त्याला आत हाक मारावी लागली. बाहेर बाकावर तो सगळ्यांना शार्क दाखवत बसला होता.