एका रबरापायी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. निपाणीत भेटलेले असोत की लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले, प्रश्न तोच: "गाडीतल्या फ्रीजच्या रबराला इतकं काय धरून बसलाय? नवा फ्रीज टाका की!"

नवा फ्रीज बसत नाही. आमची गाडी म्हणजे चाकांवरचं छोटं घर, त्यातलं कपाट बेळगावच्या उद्यमबागेत ह्याच फ्रीजच्या मापानं करून घेतलंय. दुसरा आणायचा तर ओटा उखडावा लागेल. आणि कॉम्प्रेसर ठणठणीत असताना का आणू? झिजतं ते दाराचं रबर. घरचा फ्रीज एका जागी उभा असतो. हा गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटातल्या खड्ड्यांतून हिंदकळतो, बाटल्यांच्या वजनानं दार खाली उतरतं, उन्हात बंद गाडीत रबर कडक होऊन आखडतं आणि कोपऱ्यात चिरतं. आतली चुंबकाची पट्टी शाबूत असली तरी मग ती चौकटीला टेकत नाही.

एवढं ऐकून लोक मान डोलावतात. आईचं मी सहसा सांगत नाही.

आईला जेवणाआधी इन्सुलिन लागतं. इन्सुलिन टोचायची न उघडलेली पेनं 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असतात. गोव्याहून परतताना भर पावसात आम्ही घाटातल्या कणकुंबीला मुक्काम केला. बिजागरीच्या बाजूला रबर सुटलं होतं. समोरून दार घट्ट लागलेलंच दिसायचं. आईला दारातला कप्पा कोमट लागला, म्हणून तिनं पेनं उचलून वर, बर्फाच्या कप्प्याला लागून ठेवली. तिच्या जागी कुणीही तेच केलं असतं. पण फटीतून घाटातली दमट हवा रात्रभर आत शिरत होती आणि कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नव्हता. सकाळी खालचं दूध नासलेलं, वर बर्फाचा जाड थर, आणि पेनांतलं औषध गोठलेलं. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी टोचायचं नसतं. चालू पेन आदल्या रात्रीच संपलं होतं.

जांबोटीत तिचं औषध मिळालं नाही. खानापुरात दुकानाचं शटर उघडायची वाट बघत थांबलो. आई डबा मांडीवर घेऊन, न उघडता बसली होती. सारखं पाणी मागत होती. मी दर दोन मिनिटांनी उतरून शटरकडे बघून यायचो. "मला काय होत न्हाई, तू बस की जरा," ती म्हणाली. तिचे ओठ कोरडे पडले होते. औषध मिळालं, ती जेवली, संध्याकाळपर्यंत साखर उतरली. घडलं एवढंच, कुणाला सांगितलं तर "मग झालं की सगळं ठीक" म्हणतात. त्या शटरसमोर ते उभे नव्हते.

तेव्हापासून निघायच्या आदल्या दिवशी दारात नोट अडकवून चारही बाजूंनी ओढून बघतो. सहज निघाली तर तिथं फट आहे. रात्री आत बॅटरी लावून ठेवली की उजेडही चुगली करतो. पूर्वी मीच सगळ्यांना सांगायचो, रबर गेलं की सरळ बदला. आता आधी बिजागरीचे स्क्रू आवळून दार सरळ करतो, कारण वाकड्या दाराला नवं रबरही पुरत नाही. आखडलेलं रबर कोमट साबणाच्या पाण्यानं पुसून हेअर ड्रायरनं बेतानं गरम करतो, बोटांनी ओढून आकारात आणतो, बिजागरीकडे व्हॅसलिनचा हात फिरवतो. चिरलं असेल तर मात्र बदलायचंच. चिकटपट्टीचं मला कुणी सांगू नये.

धाकटा भाऊ म्हणतो, "दादा, आईचं औषध हलत्या फ्रीजवर सोडायचंच कशाला?" त्याचं खोटं नाही. हल्ली एक पेन मी वेगळ्या थर्मासात ठेवतो. पण मग रबराची एवढी काळजी कशाला, असं तो पुढं विचारतो, तेव्हा मी चिडतो. डाव्या कोपऱ्यात नोट परत सैल निघायला लागलीय. नवं रबर कोल्हापुरात मापानं करायला टाकलंय, आणि ते येईपर्यंत आईला घेऊन निघायचं की नाही, यावर आमचं अजून जमलेलं नाही.