मोतीबिंदूवाल्या आजींना आधी दिसलं

मी इलस्ट्रेटर आहे, बहुतेक काम लहान मुलांच्या पुस्तकांचं. गेल्या वर्षी आम्ही पाच-सहा जणांनी मिळून पुण्यात बालगंधर्व कलादालनात प्रदर्शन लावलं होतं, त्यातल्या रविवारची ही गोष्ट.

माझं चित्र चार बाय तीन फुटांचं, ॲक्रिलिकमध्ये. एका वडावर अख्खं गाव वसलंय, फांद्यांवर घरं, पारंब्यांना झोके, मधूनच उडणारे मासे. जवळून बघितलं की एवढंच. पण वीसेक फूट मागे गेलं की त्याच वडाचा एका झोपलेल्या म्हातारीचा चेहरा होतो, दोन घरटी म्हणजे मिटलेले डोळे आणि खालची होडी म्हणजे ओठ. युक्ती सोपी आहे, अंधार-उजेडाचे मोठे ठोकळे आधी ठरवायचे आणि मग त्यात बारीक काम इतकं ठासून भरायचं की जवळून ठोकळे कळूच नयेत.

आता गंमत अशी की चित्र लागलं होतं दारासमोर आणि लोक सरळ आत येऊन त्याला नाकच लावायचे! मासे मोजायचे, "छान आहे हां" म्हणायचे आणि पुढे. मी खुर्चीत बसून वाट बघत होते, जाताना दारातून कोण मागे वळून बघतंय. दहातला एखादा वळायचा आणि जागीच थांबायचा, मग सोबतच्याचा दंड धरून ओढून आणायचा. त्या एका क्षणासाठी सहा महिने घालवले होते मी.

एक काका मात्र चिडलेच. त्यांच्या मिसेसना चेहरा दिसला, ह्यांना दिसेना. "ह्याला काय चित्र म्हणायचं, हे तर कोडं आहे." मी म्हणलं, काका, अजिंठ्याच्या एक नंबरच्या लेण्यात चार हरणांना मिळून एकच डोकं आहे, कुठल्याही हरणाकडे बघा, डोकं त्याचंच वाटतं, आपल्याकडे हे प्रकार जुनेच आहेत. तर म्हणे, "ते वेगळं." बरं बाबा, वेगळं. कॉलेजच्या एका मुलाने विचारलं, एआयने केलंय का? त्याला मी बोटांना लागलेला रंग दाखवला, अजून काय करणार.

दुपारी एक आजी आल्या, आठवी-नववीतल्या नातवाचा हात धरून. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं, त्यामुळे तो त्यांना प्रत्येक चित्र वाचून दाखवत होता, इथे घर आहे, इथे मासा आहे. आजी चित्रापासून चार हातांवर उभ्या, जिथून इतर कुणालाही काही दिसलं नव्हतं, आणि एकदम म्हणाल्या, "अरे हळू बोल, ती बाई झोपलीय ना."

मला काटाच आला. नातू म्हणे कुठे बाई, कुठली बाई, आजी तुला नीट दिसत नाहीये. अरे, नीट दिसत नाही म्हणूनच तर दिसली! बारीक काम त्यांच्यासाठी आधीच पुसलं गेलं होतं, उरले होते नुसते ठोकळे. मी त्याला म्हणलं चष्मा काढ आणि डोळे किलकिले कर. त्याने केलं, आणि मग जे "आयला" निघालं त्याच्या तोंडून, अख्ख्या हॉलने वळून बघितलं. पुढचा अर्धा तास तिथे सगळे चष्मे हातात घेऊन डोळे बारीक करून उभे, बाहेरून येणाऱ्याला वाटावं आत धूर झालाय. रागावलेले काकाही परत आले होते, गुपचूप मागच्या रांगेत.

संध्याकाळी आवरताना वॉचमन मामा म्हणाले, "मॅडम, सगळे म्हातारी म्हातारी करतात, पण शेळी लई भारी काढलीय."

कसली शेळी?

त्यांनी मुळांपाशी बोट फिरवलं. शिंगं, कान, दाढीसुद्धा! मी काढलेली नाही, शपथ. आता चित्र घरी भिंतीवर आहे आणि मला म्हातारीच्या आधी शेळीच दिसते.

"ती कधी काढली?" मामांनी विचारलं.

मी म्हणलं, "सगळ्यात आधी."