ब्रांच कुठली घेणार? खोडदच्या डिश आणि मामाच्या दुकानातली जळालेली मोटार

दहावीचा रिझल्ट लागला त्या दिवसापासून घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, पुढे काय? आणि इंजिनिअरिंग म्हटलं की लगेच दुसरा प्रश्न, ब्रांच कुठली? आता मी बारावीत आहे, सीईटी तोंडावर आलीये, आणि खरं सांगू का, अकरावीपर्यंत ब्रांच म्हणजे नक्की काय असतं हेच मला माहीत नव्हतं. कॉम्प्युटर म्हणजे नोकरी, सिव्हिल म्हणजे बिल्डिंगा, मेकॅनिकल म्हणजे पोरांचं काम, एवढंच ऐकून होते. क्लासमध्ये एकदा मार्गदर्शन ठेवलं होतं, दोन तास बसलो, आणि पडद्यावर काय तर मागच्या वर्षीचे कटऑफ आणि पॅकेजचे आकडे. त्या ब्रांचचा माणूस सकाळी कामावर जाऊन दिवसभर करतो काय, यावर एक शब्द नाही. मला तेव्हा राग आला होता आणि अजून येतो, कारण चार वर्षं तेच शिकायचंय ना आम्हाला.

मग म्हटलं आपल्या आसपास जे आहे तेच नीट बघू. आमचं गाव नारायणगावच्या बाजूला, म्हणजे जीएमआरटीच्या, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडणाऱ्या खोडदच्या मोठ्या दुर्बिणीच्या, डिश लहानपणापासून रोज दिसतात, पण रोज दिसतं ते आपण बघत नाही तसंच झालं होतं. 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनाला खोडदला सगळ्यांना आत सोडतात, तेव्हा मैत्रिणीबरोबर गेले. एकूण 30 डिश, प्रत्येक 45 मीटर व्यासाची, 14 मधल्या भागात एकमेकींच्या जवळ आणि बाकीच्या 16 तीन दिशांना लांबपर्यंत पसरलेल्या. मला कायम वाटायचं डिश पत्र्याची असणार. जवळ जाऊन वर बघितलं तर आरपार आभाळ दिसतंय! बारीक स्टीलच्या तारांची जाळी आहे ती, आणि खाली ताणलेल्या तारांवर बांधलीये. जाळीची भोकं एक-दोन सेंटीमीटरची, आणि येणाऱ्या रेडिओ लहरी 21 सेंटीमीटर नाहीतर त्याहून लांब, त्यामुळे आपल्याला जाळी दिसते पण त्या लहरींना ती भिंतच. वारा मात्र आरपार निघून जातो, म्हणून डिश हलकी ठेवता आली आणि खर्च वाचला. ही कल्पना गोविंद स्वरूप सरांची, ही दुर्बीण उभारणाऱ्या शास्त्रज्ञांची. अकरावीला कोनिक सेक्शनमध्ये पॅराबोला रडत रडत केला होता मी, डिशचा आकार तोच, तो इथे डोक्यावर उभा होता आणि मी मान वर करून दुखेपर्यंत बघत राहिले.

आणि तिथे उभं राहूनच पहिल्यांदा ब्रांचचं डोक्यात शिरलं. खालचा काँक्रीटचा टॉवर आणि पाया सिव्हिलवाल्यांचा, एवढं धूड फिरवायचे गिअर मेकॅनिकलचे, फिरवणारी मोटार इलेक्ट्रिकलची, वर बसवलेले रिसीव्हर म्हणजे इतका क्षीण सिग्नल पकडायचा तो इलेक्ट्रॉनिक्सचा, मग फायबरमधून सगळं मधल्या बिल्डिंगमध्ये येतं आणि 30 डिशचे सिग्नल एकत्र करायचे ते काम कॉम्प्युटरचं. एकही ब्रांच काढली तर डिश नुसती उभी राहील.

सिव्हिलचं म्हणाल तर आमच्याकडे येडगाव धरण आहे, कुकडीचं आवर्तन, म्हणजे शेतीसाठी कालव्याला पाणी, सुटलं की सगळ्या तालुक्यात तोच विषय, त्यामुळे सिव्हिल म्हणजे नुसत्या बिल्डिंगा हे आमच्या इथल्या पोरांनी तरी म्हणू नये. प्रसिद्ध इंजिनिअर विश्वेश्वरय्या पुण्यात शिकले, आज ज्या इंजिनिअरिंग कॉलेजला सीओईपी म्हणतात तिथेच, आणि 1903 साली खडकवासल्याला त्यांचे गेट बसले, पाणी चढलं की आपोआप उघडणारे. आता हे सिव्हिल की मेकॅनिकल? मला तरी दोन्ही वाटतं.

पण माझं मन खरं बसलं ते मे महिन्यात, मामाच्या दुकानात. आळेफाट्याजवळ त्याचं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरायचं, दुकान आहे. उन्हाळ्यात रोज दोन-तीन मोटारी जळून येतात, दुकानात जळक्या वार्निशचा वास असा बसलेला की घरी आलं तरी केसांना येतो. एक शेतकरी पाच एचपीची मोटार घेऊन आला, चालता चालता बंद पडली म्हणाला. मामाने खोलली आणि मला म्हणाला, नीट बघ आणि सांग काय झालं असेल. बघितलं तर तीन फेजच्या कॉइलपैकी दोन काळ्या ठिक्कर आणि तिसरी कोरी करकरीत, जशी काल भरलीये. मला काहीच सुचेना. मामा म्हणाला, एक फेज गेली होती गं, म्हणजे विजेच्या तीन तारांपैकी एकीची वीज बंद, मोटार दोनवरच ओढत राहिली, करंट वाढला, त्या दोन तापून जळाल्या आणि तिसऱ्यातून करंटच गेला नाही म्हणून ती वाचली. स्टार आणि डेल्टा या कॉइल जोडायच्या दोन पद्धती, ही स्टारला जोडलेली, डेल्टा असती तर उलटं, एक जळून दोन राहिल्या असत्या.

मामा दहावी शिकलाय. जळालेल्या तारेकडे बघून रात्री खांबावर काय झालं ते सांगतो. त्या दिवशी मी जुन्या कॉइलचे वेढे मोजले, तारेचं गेज मायक्रोमीटरने घेतलं, स्लॉटमध्ये कागद घालायला शिकले, बोटं कापली पण उठले नाही. बोअरच्या पाण्यात बुडवून ठेवतात त्या सबमर्सिबल मोटारीत पाणी भरलेलं असतं म्हणून तिला प्लास्टिकच्या आवरणाची तार लागते, हेही तिथेच कळलं. नंतर बारावीला एसी सर्किट सुरू झालं तेव्हा सर फेज शिकवत होते आणि माझ्या डोळ्यासमोर त्या दोन काळ्या कॉइल होत्या, तो धडा मला कधी पाठ करावा लागला नाही.

पप्पांना अजून कॉम्प्युटरच हवंय. त्यांचं चुकीचं नाही, द्राक्षबागेवर दोन वर्षं अवकाळीने काय केलं ते मी बघितलंय, पगार वेळेवर येणं म्हणजे काय ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. कोडिंग मी करून बघितलं, पायथॉन आवडतं, पण तासभर झाला की हात काहीतरी धरायला शोधतात. मी पप्पांना मामाच्या दुकानात नेऊन ती मोटार दाखवली, सगळं समजावून सांगितलं, ते काही बोलले नाहीत, पण येताना गाडीवर विचारलं, हे मुली करतात का? म्हटलं मी करणार आहे.

तर वहीच्या मागच्या पानावर माझा क्रम सध्या असाय, इलेक्ट्रिकल, मग इन्स्ट्रुमेंटेशन, मग ईएनटीसी म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन, आणि त्यानंतर राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं अ‍ॅग्री इंजिनिअरिंग पण लिहून ठेवलंय. कॅपचा, म्हणजे प्रवेशासाठी कॉलेज-ब्रांचचा क्रम द्यायचा, फॉर्म भरेपर्यंत खाली-वर होईल थोडं. सीईटीच्या गडबडीत जमलं तर 28 फेब्रुवारीला अर्धा दिवस काढून परत खोडदला जाणार आहे, एक प्रश्न लिहून ठेवलाय. वारा फार सुटला की डिशचं तोंड सरळ वर करून ठेवतात ना, मग ती तशी करत असतानाच एक फेज गेली तर मोटारचं काय होतं?