तुम्ही विचारलंत म्हणून : जुन्या गाडीला पंप कोणता?

माझ्याकडे 1978 सालची प्रीमियर पद्मिनी आहे हे कळले की जुन्या गाड्यांच्या हौशी माणसांकडून एक प्रश्न हमखास येतो : टाकीतले पेट्रोल पुढे नेणारा इंजिनावरचा मूळचा पंप ठेवावा, की तो काढून इलेक्ट्रिक पंप बसवावा? विचारणाऱ्याला एका शब्दात उत्तर हवे असते. मला ते देता येत नाही, कारण मी दोन्ही प्रकार वापरले आहेत आणि दोन्ही वेळा रस्त्यात उभा राहिलो आहे.

आधी नावाचा घोळ मिटवतो. आपल्याकडे पेट्रोल पंप म्हटले की रस्त्याकडेचा पंप डोळ्यांसमोर येतो, म्हणून मिस्त्री लोक गाडीतल्या यांत्रिक पंपाला ‘एसी पंप’ म्हणतात. त्याचा वातानुकूलनाशी काही संबंध नाही. अल्बर्ट चॅम्पियन यांच्या नावाची ही आद्याक्षरे. त्या नावाच्या कंपनीचे पंप इतके पसरले की पुढे कोणाच्याही पंपाला तेच नाव चिकटले.

या पंपाची रचना समजून घेतल्याशिवाय निवड करता येत नाही. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या कॅमशाफ्टवरचा एक उंचवटा दर फेऱ्याला पंपाचा दांडा हलवतो, दांडा आतला पडदा, म्हणजे डायफ्राम, ओढतो आणि मागच्या टाकीतले पेट्रोल पंपात खेचले जाते. ते पुढे कार्ब्युरेटरकडे, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाकडे, ढकलण्याचे काम मात्र दांडा करत नाही. ते पडद्याखालची स्प्रिंग करते. कार्ब्युरेटरची वाटी भरली, तिच्यात तरंगणारा फ्लोट वर आला आणि सुईने वाट बंद केली, की पडदा ओढलेल्या स्थितीतच थांबतो आणि दांडा नुसताच हलत राहतो. त्यामुळे इंजिन कितीही पळाले तरी दाब स्प्रिंगच्या ताकदीपुरताच, म्हणजे चौरस इंचाला साधारण 3 पाऊंड, राहतो. शिवाय इंजिन बंद पडले की पंपही बंद पडतो. तारा नाहीत, फ्यूज नाही, आणि बिघाड झाला तर बहुधा दहा-बारा स्क्रू काढून पडदा बदलला की काम भागते.

मग लोक याच्यावर वैतागतात का? उष्णतेमुळे. एका मे महिन्यात खंबाटकीच्या चढावर मी ट्रकांच्या रांगेत अडकलो होतो. पाऊण तास पहिल्या गिअरमध्ये रांगल्यावर गाडी आचके देऊ लागली आणि बंद पडली. मागच्या ट्रकचा क्लीनर उतरला, काही न विचारता त्याने फडके भिजवून पंपावर गुंडाळले आणि म्हणाला, “काका, वीस मिनिटं थांबा.” वीस मिनिटांनी गाडी खरोखरच चालू झाली. त्याला सिद्धान्त माहीत असो वा नसो, निदान अचूक होते. पेट्रोल हा एकजिनसी द्रव नव्हे. त्यातले हलके घटक 35-40 अंशांनाच उकळू लागतात. यांत्रिक पंप बसलेला असतो तापलेल्या इंजिनावर आणि टाकी असते गाडीच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे मधल्या सगळ्या नळीत पेट्रोल ओढले जात असते. ओढीमुळे दाब घटतो, दाब घटला की उकळण्याचा बिंदूही खाली येतो, नळीत वाफ धरते, आणि वाफ दाबण्यासाठी हा पंप बनवलेलाच नाही.

इलेक्ट्रिक पंपाचा खरा फायदा इथे आहे, आणि तो पंपात नसून जागेत आहे. असा पंप टाकीजवळ, थंड जागी आणि शक्य तितका खाली बसवला की पुढची सगळी नळी दाबाखाली राहते आणि वाफ धरण्याची शक्यता पुष्कळच कमी होते. हे ध्यानात न घेता कित्येक जण तो बॉनेटखाली, जुन्या पंपाच्या शेजारी बसवतात. तिथे त्याला उष्णताही सोसावी लागते आणि लांबून ओढावेही लागते, जे त्याला फारसे जमत नाही. म्हणजे पैसे गेले आणि दुखणे कायम. इलेक्ट्रिक पंपाने पिकअप वाढतो असे सांगणारेही भेटतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, फक्त हिशेब मांडतो. लिटरला बारा किलोमीटर देणारी गाडी ताशी साठच्या वेगाने गेली तर तिला तासाला पाच लिटर पेट्रोल लागते. धडका जुना पंपही त्याच्या कितीतरी पट देतो.

खंबाटकीहून परतल्यावर मी घाईने इलेक्ट्रिक पंप घेतला आणि इथे माझी चूक झाली. दुकानदाराने दिला तो पंप इंजेक्शनच्या, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या, गाडीचा होता. तसले पंप चौरस इंचाला 40 पाऊंडांच्या वर दाब देतात. कार्ब्युरेटरची सुई त्यापुढे काय टिकणार? किल्ली फिरवताच वाटी ओसंडली आणि पेट्रोल मॅनिफोल्डवर सांडले. इंजिन गार होते म्हणून मी आज हे लिहितो आहे. कार्ब्युरेटरच्या गाडीसाठी दोन ते चार पाऊंडांचा पंपच घ्यावा आणि दाब मीटर लावून तपासावा, वेष्टनावरच्या आकड्यावर विसंबू नये.

त्याहून महत्त्वाची गोष्ट सुरक्षिततेची. किल्ली चालू असेपर्यंत इलेक्ट्रिक पंप पेट्रोल ढकलत राहतो. गाडी धडकली, नळी तुटली, इंजिन बंद पडले, तरी त्याला त्याचे काही नाही. म्हणून धक्का बसताच वीज तोडणारा स्विच, किंवा ऑइलचा दाब गेला की पंप बंद करणारा रिले, यांपैकी काहीतरी हवेच. शिवाय स्वतंत्र फ्यूज हवा. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते, तिथे पंप त्या जोडणीला चालतो का, हे आधी पाहावे. (मॉरिस मायनरच्या मालकांनी मात्र माझे हे सगळे ऐकून हसावे, त्यांच्या गाडीत एसयू कंपनीचा टिकटिक करणारा इलेक्ट्रिक पंप कारखान्यातूनच आलेला असतो, आणि त्याचे वीज जोडणारे-तोडणारे पॉइंट अडकले की त्याला हलकेच टपली मारायची, हेही त्यांना पाठ असते.)

‘जुना राहू द्या आणि मागे इलेक्ट्रिकही लावा’ हा मधला मार्ग अनेकांना आवडतो, मलाही आवडला होता. त्यात एक छुपा धोका आहे. जुन्या पंपाचा पडदा फाटला की एरवी गाडी आचके देऊन आपल्याला कळवते. पण मागून इलेक्ट्रिक पंप ढकलत असेल तर गाडी छान चालते आणि पेट्रोल फाटलेल्या पडद्यातून इंजिनाच्या तळाशी असलेल्या चेंबरमधल्या ऑइलमध्ये उतरत राहते. पातळ झालेल्या ऑइलने बेअरिंगे जातात. कायमचा इलेक्ट्रिक वापरायचा तर जुना पंप काढून त्या जागी पॅकिंगसह पट्टी बसवून भोक बंद करावे.

पडद्यावरून आठवले. 2023 पासून 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल विक्रीला आले आणि आता बहुतेक ठिकाणी तेच मिळते. जुन्या रबराला ते मानवत नाही. वर्षानुवर्षे दुकानात पडून राहिलेला ‘ओरिजिनल’ पडदा हौसेने आणण्यापेक्षा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा नवा पडदा आणि तशीच नळी घ्यावी.

माझा स्वतःचा कौल असा, की आठवड्यातून दोनदा तरी फिरणाऱ्या गाडीला यांत्रिक पंपच पुरे. माझ्या पद्मिनीवर आज तोच आहे. नळी एक्झॉस्टपासून दूर वळवली, मधे पत्र्याचा आडोसा केला, पंपाखालची उष्णतारोधक पट्टी बदलली, आणि त्यानंतर खंबाटकी तीनदा चढलो. पट्टी-पॅकिंगची जाडी मूळचीच ठेवा, ती वाढली तर दांड्याची धाव कमी होते. दोन-दोन महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची गोष्ट निराळी. तिच्या वाटीतले पेट्रोल उडून गेलेले असते आणि यांत्रिक पंपाने ते पुन्हा भरेपर्यंत बॅटरी मान टाकते. अशा गाडीला मागे लहान इलेक्ट्रिक पंप, सर्व संरक्षणांसह, मी स्वतः सुचवतो.

पण पंप विकत घेण्याआधी एक करा. कार्ब्युरेटरकडची नळी सोडवून तिचे टोक बाटलीत धरा, प्लगपर्यंत ठिणगी जाणार नाही अशी कॉइलची वायर काढा आणि मदतनिसाला स्टार्टर मारायला सांगा. धार जोमदार आली तर पंपात दोष नाही. धार बारीक असेल तर टाकीचे झाकण सैल करून पुन्हा पाहा. कित्येकदा झाकणाचे हवेचे भोकच बुजलेले असते. धारेत बुडबुडे दिसले तर पंपाच्या मागे कुठेतरी नळीला चीर आहे आणि हवा ओढली जाते आहे. बाटली पारदर्शक घ्या, आणि हे काम इंजिन गार असतानाच करा.